विक्रीची जाहिरात, फोनवरचे गिऱ्हाईक आणि फसवी पत्रे



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते, पाण्याच्या पाळ्या आणि कीड-रोग यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय फडातला नाही. परंतु उसाच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून शेतकी खात्याने तो मुद्दाम घेतला आहे.

गळीत हंगाम संपून बिले जमा होऊ लागली, की आपल्याकडे जुनी अवजारे विकायला निघतात. कोणाला ट्रॅक्टर बदलायचा असतो, कोणाची ट्रॉली जादा होते, कोणी ठिबक बसवले म्हणून जुने डिझेल इंजिन आणि पाइप पडून राहतात. पूर्वी ही विक्री आठवड्याच्या बाजारात, मिस्त्रीच्या दुकानात किंवा पाहुण्या-रावळ्यांत सांगून होई. आता घरातला मुलगा किंवा मुलगी फोनवर चार फोटो काढते, किंमत आणि मोबाइल नंबर टाकते, आणि दहा मिनिटांत जाहिरात जगजाहीर होते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. तालुक्याबाहेरचे गिऱ्हाईक मिळते, भावही बरा येतो. तेव्हा जाहिरात टाकू नका असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जाहिरातीत जो नंबर दिला जातो, बहुधा तोच नंबर बँक खात्याला जोडलेला असतो, आणि बहुधा त्याच खात्यावर उसाचे बिल येते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने सांभाळायचा, त्याची तोड व्हायची, वजन व्हायचे, मग पैसे जमा व्हायचे. त्यातून सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, मुलांची फी आणि घरचे कार्य भागवायचे. म्हणजे पंचेचाळीस हजारांचा रोटाव्हेटर विकताना धोक्यात येते ते दीड वर्षाचे उत्पन्न. फसवणारा तुमचे अवजार न्यायला आलेलाच नसतो. त्याची नजर खात्यावर असते.

रोगाची ओळख

या प्रकाराला इंग्रजीत ‘फिशिंग’ म्हणतात. गळाला आमिष लावून मासे धरतात, त्यावरून हा शब्द आला. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत, खोटे संदेश पाठवून लोकांचे पासवर्ड काढून घेणाऱ्यांच्या संदर्भात तो रूढ झाला. पुढे ई-मेलने अशी पत्रे हजारोंच्या संख्येने जाऊ लागली. आज तोच गळ ई-मेल, एसएमएस, व्हॉट्सॲप, साधा फोन आणि क्यूआर चौकट अशा पाचही वाटांनी येतो. वाट बदलली तरी कीड एकच.

यात बँकेची तिजोरी कोणी फोडत नाही. खोटे पत्र किंवा खोटा माणूस आपला विश्वास बसवतो, आणि आपणच आपल्या हाताने कडी काढून देतो. ही कडी म्हणजे यूपीआयचा पिन, बँकेचा ओटीपी, पासवर्ड किंवा कार्डाचे आकडे. यांतले काही आपण दिले नाही, तर निव्वळ तुमचा मोबाइल नंबर ठाऊक असल्याने कोणाला तुमच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. म्हणून घाबरायचे कारण नाही, पण ओळखता आले पाहिजे.

एक नमुना पत्र

समजा तुम्ही रोटाव्हेटर ४५,००० रुपयांना विकायला काढला आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला, सौदा ठरला आणि थोड्या वेळात असे ई-मेल आले:

“प्रिय ग्राहक, आपल्या वस्तूची रक्कम ₹४७,५०० खरेदीदाराने भरली आहे. सुरक्षेसाठी रक्कम थांबवून ठेवली आहे. यातील ₹२,५०० वाहतूकदाराचे शुल्क आहे. ते आपण प्रथम वाहतूकदारास पाठवून त्याची पावती अपलोड करावी. पावती मिळताच पूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा होईल. आपले खाते तपासण्यासाठी खालील लिंक दाबा. २ तासांत कार्यवाही न केल्यास व्यवहार रद्द होऊन आपले खाते बंद करण्यात येईल.”

वर बँकेचे बोधचिन्ह, खाली सही-शिक्का, सगळे व्यवस्थित. आता पोंगा वाळलेला दिसला म्हणून आपण लगेच खोडकीड म्हणतो का? नाही. तो उपटून पाहतो. सहज हातात आला आणि त्याला कुजका वास मारला, तर मग निदान करतो. या पत्राचेही तसेच करू.

(१) नाव नाही. “प्रिय ग्राहक” असे कोणालाही लिहिता येते. अशी पत्रे घाऊक निघतात. मात्र पत्रात तुमचे नाव असले म्हणून ते खरेच, असेही समजू नका. जाहिरातीत नाव दिलेले असतेच, तिथून ते उचलता येते.

(२) घाई आणि धाक. “२ तासांत”, “खाते बंद”. विचार करायला, कोणाला विचारायला वेळ मिळू नये, एवढ्यासाठी ही मुदत असते. तुमच्या मालाचे पैसे तुम्हाला देताना बँक तुम्हालाच दम का देईल?

(३) पैसे मिळण्यासाठी आधी पैसे. हाच मुख्य कुजका वास. खरेच रक्कम भरली असेल, तर वाहतुकीचे अडीच हजार त्यातूनच वळते करता आले असते. वाहतूक, विमा, जीएसटी, “खाते सुरू करण्याचे शुल्क” अशी नावे बदलतील. अडीच हजार भरले, की पाच हजारांचे दुसरे कारण निघते.

(४) पत्त्याची शेपटी. पत्र कोणाकडून आले, तिथे दिसणारे नाव काहीही लिहिता येते. त्या नावावर बोट दाबले, की खरा ई-मेल पत्ता दिसतो. तो शेवटाकडून वाचावा. आपल्या टपालाच्या पत्त्यात मुक्काम, तालुका आणि शेवटी जिल्हा असतो. जिल्हा वेगळा असेल, तर गावाचे नाव ओळखीचे असून उपयोग नाही. इंटरनेटच्या पत्त्यातही मालक कोण हे शेवटचे दोन-तीन शब्द सांगतात. सुरुवातीला बँकेचे नाव आणि शेवटी भलतेच काही असेल, तर पत्र बँकेचे नव्हे. बँकांच्या संकेतस्थळांना आता ‘डॉट बँक डॉट इन’ अशी खास शेपटी आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये हा निर्णय जाहीर केला आणि बदलासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. ही शेपटी बँकांखेरीज इतरांना मिळत नाही. अक्षरेही नीट पाहावीत. एखादे अक्षर गाळून किंवा शून्य आणि ओ यांची अदलाबदल करून खऱ्यासारखा दिसणारा पत्ता केलेला असतो.

(५) लिंक. पत्रातल्या लिंकवरून उघडणारे पान हुबेहूब बँकेसारखे दिसते. त्यात भरलेला पासवर्ड किंवा पिन सरळ भामट्याकडे जातो. बँकेचे काम असेल तर बँकेचे ॲप स्वतः उघडा किंवा शाखेत जा. पत्रातल्या दाराने आत जायचे नाही, एवढा नेम ठेवला तरी पुष्कळ.

आणखी एक खूण म्हणजे भाषा. “आपण कृपया स्वीकार बटन करा” असले मोडके मराठी पूर्वी हमखास आढळे. पण आता संगणकच स्वच्छ मराठी लिहून देतो. तेव्हा मोडकी भाषा ही संशयाची खूण धरावी, परंतु शुद्ध भाषा ही खरेपणाची खूण धरू नये.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी.

यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली. तिचा नियम सोपा आहे: पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे यायचे असतील, तर पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, समोरच्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि कसले बटणही दाबावे लागत नाही. दुकानदार आपला क्यूआर भिंतीला चिकटवून स्वस्थ बसतो. स्कॅन करतो तो गिऱ्हाईक, कारण पैसे गिऱ्हाईक देतो. तुमच्या रोटाव्हेटरच्या व्यवहारात दुकानदार तुम्ही आहात. मग स्कॅन तुम्ही का करायचे?

पूर्वी एक माणूस दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवू शकत असे. पुष्कळांना ती पैसे आल्याची सूचना वाटे, ते “मान्य” दाबत, पिन टाकत आणि पैसे जात. व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक भोक बुजले. पण क्यूआर आणि लिंक यांची वाट तशीच उघडी आहे, म्हणून गाफील राहून चालणार नाही.

हा डाव कसा रंगतो ते पाहा. नावगाव न देता एका सभासदाची हकीकत सांगतो.

जाहिरात टाकून अर्धा तास झाला नाही तोच फोन आला. बोलणारा हिंदीत, फार अदबीने. म्हणाला, “मी फौजेत आहे. बदली झाली आहे, गावी वडिलांसाठी रोटाव्हेटर पाहिजे.” किंमत विचारली, घासाघीस केली नाही. अवजार किती वर्षांचे, पाती कधी बदलली, कोणत्या ट्रॅक्टरला चालते, काही विचारले नाही. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र आले. “माझी गाडी येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो. आधी एक रुपयाने तपासून घेऊ,” असे म्हणून त्याने क्यूआर पाठवला. सभासदांनी स्कॅन करून एक रुपया पाठवला, तिकडून लगेच दोन रुपये परत आले. विश्वास बसला. दुसरा क्यूआर वीस हजारांचा आला. “स्कॅन करके पिन डाल दो अण्णा, पैसा आ जाएगा.” पिन टाकला, आणि वीस हजार आले नाहीत, गेले. सभासद गडबडले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर्व्हरची चूक झाली, हेच परत एकदा करा म्हणजे चाळीस एकदम परत येतील.” तेही केले. मग फोन बंद.

यात शिकण्यासारखे काय? सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात गावोगाव लष्करात गेलेली माणसे आहेत, फौजी म्हटले की आपले मन नरमते. खऱ्या जवानांचा यात काडीचा दोष नाही. त्यांच्याविषयीच्या आदराचे आमिष केले जाते. ओळखपत्राचा फोटो हा पुरावा नव्हे, तो कोणाचाही लावता येतो. आणि जुने अवजार न पाहता, न घासाघीस करता घेणारे गिऱ्हाईक तुम्ही आजवर बाजारात कधी पाहिले आहे का? आपल्या बाजारात बैलाचे दात मोजल्याशिवाय कोणी दावे हातात घेत नाही. फोनवरचा माणूस मालाविषयी काहीच न विचारता फक्त पैशांविषयी बोलतो, तेव्हाच ओळखावे.

जमा झाल्याचा खोटा निरोप

दुसरा प्रकार उलट बाजूने येतो. मोबाइलवर संदेश येतो, “आपल्या खात्यात ₹५४,००० जमा.” पाठोपाठ फोन येतो, “दादा, पंचेचाळीसऐवजी चुकून चौपन्न पाठवले, आई दवाखान्यात आहे, नऊ हजार तेवढे परत करा.” तुम्ही भल्या मनाने परत करता, आणि मागून कळते की चौपन्न हजार आलेच नव्हते. संदेश त्यानेच लिहून पाठवला होता.

बँकेचा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नसतो, तो बँकेच्या अक्षरी नावाने येतो. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही असते: व्यवहाराच्या संदेशाला टी, सेवेच्या संदेशाला एस, जाहिरातीला पी आणि सरकारी संदेशाला जी. ही खूण उपयोगी आहे. परंतु शेवटचा निकाल संदेशावर नाही, शिलकेवर. आपले बँकेचे ॲप उघडून शिल्लक पाहा किंवा शाखेत पासबुक भरून घ्या. आपण उसाचे वजन गाडीवानाच्या तोंडावर धरतो का? काट्याची पावती पाहतो. पैशांचा काटा म्हणजे खात्याची शिल्लक. पैसे पाठवल्याचा फोटो किंवा चेक भरल्याच्या चिठ्ठीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. चेक वटून रक्कम वापरता येईल अशी झाली, तेव्हाच ती जमा धरावी.

मधल्या माणसाचा डाव

तिसरा प्रकार जरा गुंतागुंतीचा आहे. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या विक्रीत तो घडतो, म्हणून सावकाश वाचावा.

एक इसम तुमच्या जाहिरातीतले फोटो घेऊन त्याच ट्रॅक्टरची स्वतःच्या नंबराने कमी किमतीत दुसरी जाहिरात टाकतो. खरे गिऱ्हाईक त्याला फोन करते. तो गिऱ्हाइकाला सांगतो, “ट्रॅक्टर माझ्या भावाकडे आहे, जाऊन बघा, पण त्याच्याशी किमतीचे बोलू नका, आमचा घरगुती वाद आहे.” आणि तुम्हाला सांगतो, “माझा भाचा बघायला येतोय, त्याच्यासमोर पैशांचे काढू नका, मी त्याचे देणे लागतो.” दोन्हीकडची माणसे सरळ, दोघेही गप्प. गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर पसंत पडतो, ते मधल्या माणसाच्या खात्यावर पैसे टाकते आणि तुमच्याकडे किल्ली मागते. तुम्हाला एक पैसा मिळालेला नसतो. मधला माणूस पसार, आणि दारात दोन भल्या माणसांचे भांडण.

यावर उपाय एकच. जो माल बघायला येईल, त्याच्याशीच किंमत उघड बोलायची. “किमतीचे बोलू नका” असे कोणी म्हणाले, तर ते आवर्जून बोलायचे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. पैसे ज्याने माल घेतला त्याच्याच नावाच्या खात्यातून यावेत. तिसऱ्याच, अनोळखी नावावरून रक्कम आली, तर ती दुसऱ्या कोणाची लुबाडलेली असू शकते. त्याची तक्रार झाली, की चौकशीत तुमच्या खात्यावरील रक्कम अडकवून ठेवली जाऊ शकते. म्हणून विक्रीची साधी पावती दोन प्रतींत करावी. त्यात दोघांची नावे, पत्ते, तारीख, रक्कम, वस्तूचा क्रमांक असावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात.

कागदपत्रे जपून

गिऱ्हाईक फोनवर आरसी बुक, आधार, पासबुक यांचे फोटो मागते. बघायला न आलेल्या माणसाला यांतले काहीही पाठवू नये. तुमच्याच आरसीचा आणि आधारचा फोटो दाखवून तो उद्या दुसऱ्या गावात “मी ट्रॅक्टरचा मालक” म्हणून फिरू शकतो. जाहिरातीतल्या फोटोत नंबर प्लेट झाकावी. आधार देणे भागच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेले ‘मास्क्ड आधार’ मिळते, ते द्यावे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या नावबदलासाठी आरटीओकडे नमुना २९ व ३० लागतात आणि बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. हे कागद समोरासमोर भरून द्यायचे असतात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊ नका.

प्रतिबंधक उपाय

फवारणीपेक्षा बेणेप्रक्रिया स्वस्त पडते. त्याच न्यायाने पुढील गोष्टी आधीच कराव्यात.

(१) ज्या खात्यावर उसाचे बिल येते, ते खाते यूपीआयला जोडू नये. जोडलेच असेल तर वेगळे लहान खाते काढून किरकोळ व्यवहारासाठी ते वापरावे. त्यात गरजेपुरतीच शिल्लक ठेवावी.

(२) जाहिरातीसाठी बँकेला जोडलेला नंबर देऊ नये. घरात दुसरे सिमकार्ड असल्यास तो नंबर द्यावा.

(३) गिऱ्हाइकाला बघायला बोलवावे. ते दिवसा, चार माणसांत. लांबचे असेल तर त्याने आपल्या भागातला ओळखीचा माणूस किंवा मिस्त्री पाठवावा. येणारच नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

(४) अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये. काही ॲप तुमच्या फोनचा पडदा त्याला जशाचा तसा दाखवतात. ‘एपीके’ नावाची फाइल आली, तर ती उघडू नये, मग तिच्यावर चलन लिहिलेले असो, शेतकरी योजना लिहिलेली असो वा लग्नपत्रिका.

(५) बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला क्रमांकच घ्यावा.

(६) पैसे शिलकेत दिसल्याशिवाय माल दारातून हलवू नये.

(७) घरात एक नेम करावा: पैशाचा फोन आला, की तो ठेवायचा, घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगायचे आणि मग ठरवायचे. फसवणारा “फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका” असे का म्हणतो, ते यावरून कळेल.

आपला कारखाना ऊस बिल, ठेव, शेअर किंवा सवलतीच्या साखरेसाठी कोणत्याही सभासदाला लिंक पाठवत नाही आणि ओटीपी विचारत नाही. कारखान्याच्या नावाने असे काही आले, तर तेही खोटे समजून गट कार्यालयास कळवावे.

प्रादुर्भाव झालाच तर

एवढे करूनही पैसे गेले, तर सर्वांत मोठे औषध म्हणजे वेळ. लुटलेली रक्कम भामटा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि मग रोख काढतो. ती वाटेत असेपर्यंत अडवता येते. म्हणून पुढील क्रम लिहून भिंतीला लावावा.

पहिले, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी हा देशभरचा मदत क्रमांक आहे. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक हाताशी ठेवावा. तो ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो.

दुसरे, बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आणि सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाने स्वतः पिन वगैरे दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कळवण्यास जितका उशीर, तितका बोजा आपल्यावर.

तिसरे, ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी किंवा पोलिस ठाण्यात जावे. तोतयेगिरी करून संगणक वा फोनद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

चौथे, संदेश, क्यूआर, फोन नंबर यांतले काही पुसून टाकू नये. राग येतो, माणूस सगळे खोडून टाकतो. तोच पुरावा असतो.

पाचवे, “तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा” म्हणणाऱ्याला थारा देऊ नये. बहुधा तो त्याच टोळीतला असतो.

पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन वा संदेश आला, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ ही सोय मार्च २०२४ पासून आहे. तेथे तो नंबर कळवता येतो. आपण वाचलो तरी शेजारच्या गावाला उपयोग होतो.

लाज कोणी बाळगायची?

शेवटी एक मनातले. वरच्या हकीकतीतील सभासद दोन दिवस घरात काहीच बोलले नाहीत. जेवण गोड लागेना, तरी मुलाला सांगेनात. शाळा शिकलेला, कर्ताधर्ता माणूस, एका फोनवर फसला, लोक काय म्हणतील, ही लाज. ते दोन दिवस भामट्याला पुरले. त्याच संध्याकाळी १९३० ला फोन झाला असता, तर निदान काही रक्कम अडवता येण्याची आशा होती.

कीड उसावर पडली, तर आपण शेजाऱ्यापासून लपवतो का? उलट बांधावर उभे राहून सांगतो, “माझ्या फडात दिसली, तुझाही बघ.” त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. फसवणुकीचेही तसेच झाले पाहिजे. शिकलेले, नोकरदार, बँकेतून निवृत्त झालेले लोकही यात सापडले आहेत. लाज वाटायची तर फसवणाऱ्याला वाटावी. घरच्यांनीही अशा वेळी “तुम्हाला कळत कसं नाही” असे बोलू नये. तसे बोललात, तर पुढच्या वेळी तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि आधी फोन उचलायचा आहे तो १९३० साठी.

ज्येष्ठ सभासदांनी आणि भगिनींनी हा अंक घरातल्या शिकत्या मुलांकडून वाचून घ्यावा. मुलांनीही आजी-आजोबांना एक रुपया पाठवून दाखवावा: पाठवणाऱ्याला पिन लागला, घेणाऱ्याला लागला नाही. पाच मिनिटांचा हा धडा दहा लेखांच्या बरोबरीचा आहे.

कोणताही संदेश संशयास्पद वाटल्यास फोन घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. फिल्डमन आणि आम्ही तो मिळून तपासू. मात्र पिन आम्हालाही सांगू नका. विचारला, तर आमच्यावरही संशय घ्या.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते